शिकंज्यात गेलेलं राज्यशास्त्र

ब्रेलचं पान उभं ठेवायचं असतं. आडवं ठेवून त्यावर दुसरं, त्यावर तिसरं अशी चळत लावली की खालच्या पानांवरचे ठिपके वजनानं बसत जातात, आणि बसलेला ठिपका बोटाला लागत नाही. हे मला परभणीत वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका आंधळ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं ते माहिती नसल्यामुळे झालं, असं मला म्हणता येत नाही.

मी तेव्हा परभणीतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. नामांतराचा ठराव होऊन सात-आठ वर्षं झाली होती. विद्यापीठाचं नाव बदललेलं नव्हतं आणि वाद मिटलेला नव्हता. मोर्चाची बातमी पहिल्या पानावर घ्यायची की तिसऱ्या, मथळ्यात कोणता शब्द वापरायचा, यावर आमच्याकडे रोज बोलणं होई. माझं काम तालुक्यांहून आलेली बातमीपत्रं सारखी करणं, मथळे देणं आणि मुद्रितं तपासणं. मुद्रितं तपासताना एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागदाशी ताडून बघायचं, अशी पद्धत होती. वाचणारा बहुधा मी असे.

मास्तर आमच्या कचेरीत संपादकांची खुर्ची विणायला आले होते. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्याही तेच विणत. पुण्यात शिकून आलेले, पन्नाशीचे, दोन्ही डोळ्यांनी जन्मापासून अंध. व्हरांड्यात पाय पसरून, खुर्ची मांड्यांत धरून ते वेत ओढत होते आणि आत मी कापसाच्या आवकेची बातमी वाचत होतो. काम संपल्यावर ते दारात आले.

"पेपरवाले, आवाज चांगला आहे तुमचा. दिवसभर असंच वाचता?"

"दिवसभर."

"आणि त्यातलं उद्या कुणाच्या कामाचं राहतं?"

"उद्या शिळं होतं."

"मग शिळं न होणारं एखादं वाचा की. रोज दोन तास द्या मला. शिकवतो."

त्यांना कोणासाठी माणूस हवा होता ते त्यांनी मग सांगितलं. सेलू तालुक्यात वालूरला, बौद्धवाड्यात एक मुलगी होती. तिसऱ्या वर्षी गोवर निघाला आणि दृष्टी गेली. जिल्ह्याबाहेरच्या अंधशाळेत ती सातवीपर्यंत शिकली. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाड्यात वस्त्या पेटल्या तेव्हा बाप तिला घरी घेऊन आला आणि परत सोडायला गेला नाही. दहावी तिनं बाहेरून दिली, भावाकडून ऐकून ऐकून. आता बारावीचा फॉर्म भरला होता. मराठी, इतिहास वगैरेंची पुस्तकं मास्तरांनी पुण्याहून मागवून दिली होती. राज्यशास्त्राचं पुस्तक त्याच वर्षी बदललेलं. नव्या पुस्तकाची ब्रेल प्रत कुठेही नव्हती. मास्तरांनी तीन ठिकाणी पत्रं टाकली. दोघांचं उत्तर आलं, उपलब्ध नाही. तिसऱ्यांचं आलं नाही. वाचून दाखवणारा भाऊ सेलूच्या जिनिंगवर कामाला लागला होता. घरात वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिला बी.ए. करायचं होतं, राज्यशास्त्र घेऊनच. त्या एका विषयात ती पास होणार की नाही, हे त्या एका पुस्तकावर होतं.

लिहिण्याची पद्धत अशी. लाकडी पाटीवर जाड कागद अडकवायचा. त्यावर पितळी पट्टी बसवायची. पट्टीत ओळीनं चौकोन, प्रत्येक चौकोनात सहा ठिपक्यांची जागा. टोचणीनं उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, प्रत्येक अक्षर उलटं. पान उलटवलं की ठिपके वर आलेले असतात आणि सरळ वाचता येतात. आमच्या छापखान्यात खिळे उलटेच जुळवले जात आणि जुळवलेला मजकूर तसाच उलटा वाचायची मला सवय होती. म्हणून मी लवकर शिकलो. "छापखान्यातल्यांना हे येतं," मास्तर म्हणाले. "प्राध्यापकांना शिकवून बघितलं, नाही आलं." चुकून ठिपका जास्तीचा पडला तर पान पालथं करून तो नखानं दाबायचा. एका दाबात ठिपका मरतो. हाही धडा पहिल्याच आठवड्यातला.

ब्रेलचा कागद परभणीत मिळत नसे. आम्ही जुनी कॅलेंडरं गोळा केली. बी-बियाणांच्या दुकानांची, खतांची, साबणाची. येलदरीच्या वीजघरात माझा एक वर्गमित्र कारकून होता. त्यानं रद्द झालेल्या नकाशांचे जाड कागद एसटीच्या टपावर टाकून पाठवले. छापील एका पानाची आमची तीन-साडेतीन पानं होत. पहिली सात प्रकरणं मी घेतली, पुढची सहा मास्तरांनी. त्यांना मजकूर कचेरीतला एक जण वाचून दाखवी. मी दुपारची पाळी धरली आणि सकाळचे दोन-तीन तास टोचायला ठेवले. दिवाळीला सुरुवात केली, जानेवारी सरता सरता संपलं. चारशेच्या वर पानं झाली. माझं प्रत्येक पान मास्तर बोटांनी तपासत आणि चुका सांगत. एका पानात कमीत कमी दोन निघत.

पहिला गठ्ठा द्यायला मी एकटाच वालूरला गेलो. सेलूला गाडी बदलून. तिचा बाप दारात होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेला, कमी बोलणारा माणूस. मुलगी आत ओट्यावर बसलेली, वीस-एकवीस वर्षांची. पान हातात घेतल्यावर तिनं नमस्कार वगैरे काही केला नाही. सरळ वाचायला लागली. दोन पानं झाल्यावर म्हणाली,

"हे तुमी लिहिलंय. मास्तरचं न्हाई."

"कसं कळलं?"

"मास्तरचे ठिपके सारखे लागतात. तुमचा एक खोल, एक वरवर. घाईचा हात हाय." मग पान उलटं करून तळवा फिरवला. "ह्याच्या मागं काय छापलंय?"

"ट्रॅक्टर."

"तरीच जड जायलंय."

बाप हसला. मीही हसलो. ती हसली नाही. तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं.

पुढचे गठ्ठे दर पंधरवड्याला जात राहिले. एका लोखंडी पेटीत ती पानं उभी लावून ठेवी, पुस्तकं फळीवर लावतात तशी, आणि प्रकरण बदललं की मध्ये सुतळीचा तुकडा. शेवटचा गठ्ठा पोचून दहा-बारा दिवस होईपर्यंत तिचं पहिल्या सात प्रकरणांचं दोनदा वाचन झालेलं होतं. मास्तरांची सहा प्रकरणं एकदा झाली होती.

परभणीत अपंगांसाठी काम करणारी एक संस्था होती. वर्षातून एकदा पांढऱ्या काठ्या आणि तीनचाकी सायकली वाटायची. त्यांची पत्रकं मीच सारखी करून छापत असे. संस्थेचे कार्यवाह एका खाजगी महाविद्यालयात कारकुनांचे प्रमुख होते. इस्त्रीचे कपडे, मृदू बोलणं, सगळ्यांना 'आपण'. पुस्तकाची हकिगत त्यांना माझ्याकडूनच कळली. मी ती कौतुकानं सांगितली होती. हे नोंदवून ठेवतो.

आठ दिवसांनी ते कचेरीत आले. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाला मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते. जिल्ह्यातल्या पहिल्या ब्रेल पाठ्यपुस्तकाचं प्रकाशन पाहुण्यांच्या हस्ते व्हावं, अशी कल्पना होती. कार्यक्रम नीट झाला तर पाहुणे परभणीत ब्रेल छपाईचा विभाग मंजूर करतील, तसा शब्द मिळालेला आहे, असं ते म्हणाले. यंत्र, कागद, दोन माणसं.

"म्हणजे आपल्याला टोचत बसायला नको," ते म्हणाले.

"पुस्तक तिच्याकडे आहे. परीक्षा जवळ आलीय."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. आपण मागितलंत तर ती नाही म्हणणार नाही."

हा शेवटचा अंदाज चुकीचा होता. ती नाही म्हणाली.

"परीक्षेला महिनासुद्धा न्हाई. पुस्तक कामून न्यायलाव?"

"कार्यक्रमात पाहुण्यांच्या हातून तुलाच देणार आहेत."

"माझ्याकडं हायच की ते. माझंच माझ्याकडून न्यायचं आन मलाच द्यायचं?"

मी विभागाचं सांगितलं. पुढच्या मुलांना पुस्तकं मिळतील, यंत्र येईल. मी ते पटवून सांगितलं. पटवून सांगणं हा माझ्या धंद्याचाच भाग होता. बाप मध्येच म्हणाला, "देऊन टाक बाई. मोठी माणसं हायत. सांभाळतील."

"तुमचं काय जातंय, बाबा. पेपर तुमाला द्यायचाय का?"

मग तिनं पेटीचं झाकण उघडलं.

"उभी ठेवा," ती म्हणाली. "कुणी बी घेतलं तरी उभी ठेवा म्हणावं."

मी चार गठ्ठे दोन पिशव्यांत उभे घालून, एसटीत दोन्ही मांड्यांवर धरून परभणीला आणले आणि संस्थेच्या कचेरीत कार्यवाहांच्या हाती दिले. त्यांना मी म्हणालो, "जपून ठेवा, उभे ठेवा." 'दाबू नका' असं म्हणालो नाही. का उभे ठेवायचे तेही सांगितलं नाही. ते फोनवर होते, मला पाळीवर जायचं होतं. एक शब्द सुटला तर बातमीचं काय होतं, हे नव्या मुलांना शिकवायचा मला पगार मिळत होता.

कार्यवाहांना ते गठ्ठे ओबडधोबड वाटले. चार सुट्या चळती, कडा मागेपुढे, मागे ट्रॅक्टर आणि साबण. पाहुण्यांच्या हातात हे कसं द्यायचं? त्यांनी ते बाजारातल्या एका बाइंडरकडे पाठवले. हा बाइंडर निजामाच्या काळापासूनच्या घराण्यातला, कोर्टाची दप्तरं बांधणारा, जिल्ह्यातला सर्वांत चांगला कारागीर. त्याला निरोप गेला तो असा: एकच पुस्तक करा, लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि फार फुगलंय तेवढं बसवून द्या.

बांधणीत कागद बसवण्याची रीत ठरलेली आहे. पानं जुळवायची, थोडी थोडी घेऊन दगडावर लाकडी मोगरीनं ठोकायची, शिवायची, मग शिकंज्यात, दोन फळ्यांच्या दाबयंत्रात, घालून पेच आवळायचा आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. त्यानं ते सगळं मनापासून केलं.

कार्यक्रम सकाळी अकराला होता. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत शाळांतून आणलेली मुलं, हातात पांढऱ्या काठ्या. मुलगी वालूरहून बापाबरोबर सकाळच्या गाडीनं आली होती. मास्तर माझ्या शेजारी बसले होते. बातमी मी आदल्या दिवशीच लिहिली होती. तशी आमची पद्धतच होती; कार्यक्रमपत्रिका हातात असली की बातमी आधी जुळवून ठेवायची, नंतर भाषणातलं एखादं वाक्य घालायचं. माझ्या बातमीतलं शेवटून दुसरं वाक्य असं होतं: 'विद्यार्थिनीने या पुस्तकातील पहिला उतारा वाचून दाखवताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.'

पाहुण्यांनी लाल पुस्तक उंच धरलं. फोटो निघाला. मग तिच्या हातात दिलं. तिनं ते हातात तोललं, कडा चाचपल्या, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. निवेदकानं तिच्यासमोर माईक धरला. "मूलभूत हक्कांवरचा पहिला परिच्छेद आता आपल्याला ताई वाचून दाखवतील."

तिनं पान उघडलं. बोट डावीकडून उजवीकडे गेलं. पुन्हा गेलं. दुसरं पान. मग मधलं एक. मास्तरांनी माझा दंड धरला. "काय करते ती?"

"वाचते आहे."

"एवढा वेळ लागत नाही तिला."

मग माईकमधून तिचा आवाज आला, चढलेला नाही, साधा.

"ह्याच्यात काईच न्हाई. कुणी दाबली ही पानं?"

कार्यवाहांनी फार सफाईनं माईक आपल्याकडे घेतला. "आमची ताई भारावून गेलेली आहे," ते म्हणाले. "हा क्षणच तसा आहे. मागास वस्तीतली एक मुलगी, आणि तिच्या हातात ज्ञानाचा दिवा. आपण सर्वांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवू या."

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतल्या मुलांनीही वाजवल्या. त्यांना वाजवायला सांगितलं होतं. ती माईककडे हात पुढे करून तशीच उभी होती. हात हवेत होता. कोणीतरी तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

मी स्टेजमागे गेलो. कार्यवाह पाहुण्यांना चहाला नेत होते.

"पुस्तक बाद झालंय," मी म्हणालो. "सगळं. पानं दाबून टाकलीत तुम्ही."

"हळू बोला. दाबलं म्हणजे व्यवस्थित केलं. आधी ते पुस्तकासारखं दिसत तरी होतं का?"

"ती दिसण्यासाठी नव्हती पानं."

"हे पाहा," ते म्हणाले, "पुन्हा करता येईल. आता विभाग होणार आहे ना."

तो विभाग झाल्याचं मी नंतर कधी ऐकलं नाही.

दुपारी मी बाइंडरकडे गेलो. तो दुकानात दप्तराला गोंद लावत होता. मी पुस्तकाचं काय झालं ते सांगितलं.

"साब बोले फुगलंय, बसवून द्या. मी बसवलं. ते बारीक बारीक दाणे लागत होते हाताला. मला वाटलं कागद खराब हाय, दमट जागी ठेवला असंल."

"ते दाणे म्हणजेच अक्षरं होती."

"मग मला कुणी बोललं का तसं?" तो एकदम तापला. "तुमी पेपरवाले, ते कॉलेजवाले, सगळे पढेलिखे. एकानं बोलायचं होतं ना. मी कुराणशरीफ बांधतो, पोथ्या बांधतो, एक हरफ इकडचा तिकडं होऊ देत न्हाई. आन तुमी माझ्या हातानं हे करवलं."

मी दुकानातून निघालो.

कचेरीत उद्याचं पान जुळवून लागलेलं होतं. मी संपादकांकडे गेलो आणि म्हणालो, बातमी बदलायची आहे. तिनं वाचलं नाही, कारण पुस्तक वाचण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही, आणि तेच तिनं माईकवर सांगितलं. संपादक वाईट माणूस नव्हते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"वाचलं नाही ना? मग ते वाक्य काढा."

"आणि ती जे म्हणाली ते?"

"पाहुण्यांचा तीन कॉलमी फोटो आहे. खाली काय लिहू, पुस्तक कोरं आहे म्हणून? संस्थेची चूक असेल तर ती सावकाश बघू."

वाक्य काढलं. त्या जागी दुसरं काही न घालता ओळी सैल केल्या. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या बातमीत एकही वाक्य खोटं नव्हतं. प्रकाशन झालं, खरं. पाहुण्यांचं भाषण झालं, खरं. टाळ्या वाजल्या, खरं. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी खोटी बातमी दुसरी दिली नाही.

मास्तरांनी ते पुस्तक दोन दिवस चाचपलं. पान तिरपं धरून, बोट अगदी हलकं ठेवून. शेवटी पान ओठांना लावलं; ओठांची कातडी बोटांपेक्षा बारीक जाणते, असं ते म्हणत. तीन-चार ठिपक्यांमागे एखादा लागत होता. एका ठिपक्यानं अक्षर बदलतं, त्यामुळे जे लागत होतं त्याचा अर्थ होत नव्हता. "राहू द्या," ते म्हणाले, आणि पुस्तक संस्थेकडे परत गेलं. ते तिथल्या काचेच्या कपाटात ठेवलं गेलं. आडवं.

मी रजा काढली. रोज सकाळच्या गाडीनं वालूर, संध्याकाळच्या गाडीनं परत. पहिल्या दिवशी काय बोलायचं ते मी गाडीत ठरवत गेलो. ते बोलायची वेळ आली नाही.

"पुस्तक आणलं?" तिनं विचारलं. "डोळ्यावाल्यांचं?"

"आणलं."

"मग तुमी वाचा, मी टोचते. तुमच्या हातानं परीक्षेपर्यंत दोन धडे बी व्हायचे न्हाईत."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "त्याला वेळ लागतो. नंतर मागा."

तिचा हात माझ्या तिप्पट वेगानं चाले. तरी तेरा प्रकरणं होणार नव्हती हे दोघांनाही पहिल्या सकाळीच कळलं. तिनं मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडून वाचून घेतल्या आणि सहा प्रकरणं निवडली. कागद संपला तेव्हा बाप गावातून लग्नपत्रिका मागून आणू लागला. त्या लहान होत्या, एका पत्रिकेवर आठ ओळी मावत. मधून मधून ती थांबून विचारी, "हा शब्द पुस्तकात असाच हाय का तुमी सोपा करायलाव?" मी एकदाच सोपा केला होता. ते तिला कळलं होतं.

सहा प्रकरणं परीक्षेच्या तीन दिवस आधी झाली. उरलेली सात तिनं माझ्याकडून एकदा ऐकली. सेलूच्या केंद्रावर नववीतली एक मुलगी तिची लेखनिक होती. ही सांगायची, ती लिहायची. राज्यशास्त्राच्या पेपरात दोन मोठे प्रश्न न झालेल्या प्रकरणांवर आले.

बारावीचे निकाल त्या काळी वर्तमानपत्रात नंबरांनी छापले जात. निकालाची बाडं दुपारी आमच्या टेबलावर आली. मी तिचा नंबर शोधला. आधीचा होता. नंतरचा होता. मी बोट पुन्हा फिरवलं, मग दुसऱ्या माणसाला बघायला लावलं. त्यानंही मान हलवली. मग मी ते बाड छापायला दिलं.

दुसऱ्या दिवशी वालूरला गेलो. दारातूनच तिनं ओळखलं. मी नेहमीसारखा लांबून आवाज दिला नव्हता.

"पेपरात आलं का माझं?"

"नापास झालेल्यांचे नंबर छापत नाहीत."

"तेवढं एक बरं करतात."

गुणपत्रिका आठवड्यानं मिळाली. बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीत तर साठच्या वर. राज्यशास्त्रात एकतीस. पस्तीस लागत होते. बापानं कागद माझ्या हातात दिला आणि मी तो तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ते दोन प्रश्न ज्या धड्यांवर होते ना, त्यांची पानं तिसऱ्या गठ्ठ्यात होती. मास्तरच्या हातची. एकदा वाचली होती. अजून एकदा वाचायची होती, तवा तुमी न्यायला आलात."

तिनं हे रागावून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्या पावसाळ्यात आम्ही उरलेली सात प्रकरणं केली. तिनं आणि मास्तरांनीच खरं तर. माझ्याकडे वाचायचं काम होतं. एकही पान घराबाहेर गेलं नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत तिला त्या विषयात अठ्ठावन्न पडले. तोवर कॉलेजचे प्रवेश बंद झालेले होते. एक वर्ष गेलं. ते कोणाच्या हिशेबात कुठेही लागलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

निकाल लागल्यावर कार्यवाहांचा कचेरीत फोन आला. आमच्या संस्थेच्या पुस्तकावर अभ्यास करून ती उत्तीर्ण झाली, तिचा सत्कार करायचा आहे, जीप जाते आहे, बातमीदार पाठवा. संपादकांनी मलाच पाठवलं. जीपमध्ये हार होता, शाल होती, पेढ्यांचा पुडा होता. रस्ताभर कार्यवाह नव्या अध्यक्षांविषयी बोलत होते.

ओट्यावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. मोठा कार्यक्रम, सभागृह तेच, या वेळी पाहुणे औरंगाबादचे. बाप माझ्याकडे बघत होता. मी खाली बघत होतो. ती नाही म्हणेल असं मला वाटलं.

"घेते की सत्कार," ती म्हणाली. "पण माईक माझ्या हातात द्यायचा. मधी कुणी घ्यायचा न्हाई."

कार्यवाह हसले. "अवश्य. दोन शब्द बोला आपण. काय बोलणार?"

"पुस्तक कुणी नेलं, कुणी दाबलं, आन किती मार्क कमी पडले. तेवढंच. दोन शब्दांच्या वर जाईल थोडं."

"बाई, जाऊ दे आता," बाप म्हणाला.

"बाबा, मी नको म्हणायलेय का? हो म्हणायलेय."

कार्यवाहांनी घड्याळ बघितलं. तारीख नक्की करून कळवतो, असं ते म्हणाले. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला. हार आणि शाल जीपमध्येच राहिली. परतताना सेलूच्या पुढे आल्यावर ते मला म्हणाले, "बातमीत असं घ्या, विद्यार्थिनीने विनयाने सत्कार नाकारला."

"नाकारला नाही."

"अर्थ तोच झाला."

मी कचेरीत येऊन चार ओळी लिहिल्या. बारावीच्या पुरवणी परीक्षेत राज्यशास्त्रात उत्तीर्ण झालेल्या वालूर येथील अंध विद्यार्थिनीने संस्थेच्या सत्कारास होकार दिला आहे. पुस्तकाबाबत आपण सभेत सविस्तर बोलू, असे तिने कळवले आहे. सत्काराची तारीख संस्था जाहीर करणार आहे. संपादकांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि कागदावर सही केली. तिसऱ्या पानावर, बाजारभावाच्या खाली ती छापून आली.

तारीख अजून जाहीर झालेली नाही.